टॅनिंग बेड, स्प्रे टॅन आणि डी-टॅन : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

आपल्याकडे उन्हाळा सुरू झाला की पार्लरमध्ये डी-टॅनचे दर विचारले जातात. युरोप-अमेरिकेत मात्र नेमकं उलटं चालतं. तिथं अनेक तरुण-तरुणी पैसे मोजून त्वचा सावळी करून घेतात आणि तो रंग टिकावा म्हणून धडपडतात. उन्हाची वाट पाहायची नसेल तर चक्क दिव्यांच्या पेटीत झोपतात. घरातली मुलं शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेली की हा विषय आपल्याही घरात येतो. शिवाय शरीरसौष्ठव स्पर्धा, इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती आणि पांढऱ्या डागांवरचे उपचार यांच्या निमित्तानंही टॅनिंगबद्दल विचारणा होते. अशाच नेहमीच्या प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : माझी भाची मँचेस्टरला शिकते. सुट्टीत स्पेनला जाण्याआधी तिच्या मैत्रिणी टॅनिंग सलूनमध्ये जातात आणि तिलाही चल म्हणतात. तिथं नक्की करतात काय?

उत्तर : टॅनिंग बेड म्हणजे उघडझाप होणाऱ्या झाकणाची, माणूस मावेल एवढी पेटी. वर आणि खाली ट्यूबलाइटसारखे लांब दिवे असतात. काही ठिकाणी उभं राहायची केबिन असते. या दिव्यांतून अतिनील किरणं बाहेर पडतात. त्यात मोठा वाटा यूव्हीए किरणांचा आणि थोडा यूव्हीबीचा असतो. काही मिनिटांचं एक सत्र, अशी अनेक सत्रं घेतली की त्वचेचा रंग गडद होतो.

हा रंग कसा येतो ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. यूव्हीए किरणांमुळे त्वचेत आधीपासून असलेलं मेलॅनिन लगेच गडद दिसू लागतं. यूव्हीबीमुळे पेशींतल्या डीएनएला इजा होते आणि बचाव म्हणून त्वचा नवीन मेलॅनिन तयार करते. तो रंग दोन-तीन दिवसांनी दिसतो. थोडक्यात, टॅन म्हणजे इजा झाल्यावर त्वचेनं उघडलेली छत्री. ती सुंदर दिसते की नाही हा आवडीचा भाग, पण पाऊस पडून गेलेला असतो हे नक्की.

गंमत म्हणजे या दिव्यांचं मूळ औषधोपचारात आहे. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला आणि त्यासाठी त्यांना १९०३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात सावळा रंग हे समुद्रकिनारी सुट्टी घालवण्याचं, म्हणजे श्रीमंतीचं लक्षण ठरलं. त्याआधी तिथंही गोरेपणाचीच हौस होती, कारण उन्हात राबणाऱ्यांचा रंग रापलेला असायचा. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या फ्रीड्रिख वोल्फ यांनी टॅनिंग बेड बाजारात आणले आणि सलूनचा धंदा उभा राहिला.

प्रश्न : सलूनवाले म्हणतात की उन्हापेक्षा हे सुरक्षित, कारण वेळ आणि प्रमाण ठरलेलं असतं. खरं आहे का?

उत्तर : नाही. वेळ ठरलेली असते, पण धोका त्यामुळे जात नाही. शक्तिशाली बेडमधली अतिनील किरणं भूमध्य समुद्रावरच्या भर दुपारच्या उन्हापेक्षा १० ते १५ पट तीव्र असू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं आहे. या संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २००९ मध्ये टॅनिंगच्या उपकरणांना माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. एका गटात असणं म्हणजे धोका सारखाच असणं नव्हे, तर पुरावा पक्का असणं. वयाच्या ३० वर्षांआधी बेड वापरायला सुरुवात केली तर मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असा त्या वेळचा निष्कर्ष होता.

म्हणूनच अनेक देशांनी कायदे केले. ब्राझीलनं २००९ मध्ये सौंदर्यासाठी टॅनिंग बेड वापरण्यावर पूर्ण बंदी घातली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हर या तरुणीचं २००७ मध्ये मेलॅनोमानं निधन झालं, तेव्हा ती अवघी २६ वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत तिनं सोलॅरियमच्या, म्हणजे टॅनिंग सलूनच्या धोक्याबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि देशभर चर्चा सुरू झाली. २०१६ च्या सुरुवातीपर्यंत तिथल्या सर्व राज्यांनी व्यावसायिक सोलॅरियम बंद केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना बेड वापरू देणं गुन्हा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २०१२ पासून अशीच वयाची अट घातली आणि २०१४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं या उपकरणांवर ठळक इशारा छापणं सक्तीचं केलं.

तुमची भाची सज्ञान आहे, त्यामुळे कायदा तिला अडवणार नाही. पण तिला हे सगळं सांगा. ओरडून नाही, माहिती म्हणून. आणि आणखी एक. बेडमध्ये डोळ्यांवर खास चष्मा नसेल तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण पापणीची त्वचा फार पातळ असते. वेल्डिंग करणाऱ्यांचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, तसाच त्रास इथेही होऊ शकतो.

प्रश्न : आपण मुळातच सावळे. मग आपल्याला त्वचेच्या कर्करोगाची भीती कशाला?

उत्तर : भारतीय त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग आपल्यात गोऱ्या लोकांच्या तुलनेत बरेच कमी आढळतात. ही निसर्गाची देणगीच आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि आपल्या त्वचेची अडचण वेगळी आहे. तिला इजा झाली की ती पटकन काळे डाग धरते. वांग असेल तर तो वाढतो, मुरुमांचे डाग गडद होतात, चेहरा चट्ट्याचट्ट्यांचा दिसू लागतो. यूव्हीए किरणं त्वचेत खोल जातात, त्यामुळे सुरकुत्याही लवकर पडतात. ज्या रंगासाठी दुसरे पैसे मोजतात तो आपल्याकडे आधीच आहे. त्यावर बेडमध्ये झोपून मिळतात ते बहुधा डागच.

सावळ्या लोकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्यासारख्या त्वचेत मेलॅनोमा झालाच तर तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली दिसतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच कर्करोग झाला होता आणि १९८१ मध्ये त्यांचं निधन झालं. तळपायावर नवा काळा डाग आला, तो वाढतोय किंवा नखात काळी रेघ रुंद होतेय, तर मुकामार समजून महिनोन्‌महिने थांबू नका.

प्रश्न : सुट्टीआधी थोडा बेस टॅन घेतला तर समुद्रावर त्वचा भाजत नाही, असं म्हणतात. ते?

उत्तर : हा सगळ्यात जुना गैरसमज. बेस टॅनमुळे मिळणारं संरक्षण साधारण एसपीएफ ३ ते ४ एवढंच असतं. बाजारातलं साधं सनस्क्रीनसुद्धा एसपीएफ ३० चं मिळतं. म्हणजे नंतर थोडं कमी भाजावं म्हणून आधी स्वतःला भाजून घ्यायचं. त्यापेक्षा सनस्क्रीन, टोपी, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती शर्ट आणि दुपारी ११ ते ४ सावली, एवढं पुरे आहे. सनस्क्रीन घराबाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावावं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब पट्टी येईल एवढं घ्यावं, आणि दर दोन तासांनी किंवा पोहून, घाम पुसून झाल्यावर पुन्हा लावावं. चिमूटभर लावून 'मला सनस्क्रीनचा उपयोगच होत नाही' म्हणणारे आपल्याकडे फार आहेत.

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. त्याचं ड जीवनसत्त्व फार कमी आलंय. जिममधला मित्र म्हणाला, टॅनिंग बेड घे, भरून निघेल. घ्यावं का?

उत्तर : घेऊ नये. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात ती यूव्हीबी किरणं, आणि बहुतेक बेडमध्ये भर असतो यूव्हीएवर. म्हणजे धोका पुरा आणि फायदा बेभरवशाचा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात ऊन इतकं तिरपं असतं की त्वचेत ड जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही. म्हणून तिथलं सरकारच सर्वांना थंडीच्या दिवसांत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करायला सांगतं. दक्षिण आशियाई वंशाच्या, सावळ्या त्वचेच्या लोकांनी ती वर्षभर घ्यावी असाही सल्ला आहे. मुलाचं प्रमाण फारच कमी असेल तर किती मात्रा घ्यायची हे तिथल्या डॉक्टरांना विचारू द्या. जेवणात अंडी, बांगडा किंवा सारडीनसारखे तेलकट मासे ठेवता येतात.

आणि एक विनंती. इथून ६०,००० युनिटची पाकिटं पाठवून 'दर आठवड्याला घे' असं फोनवर सांगू नका. ड जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास होतो.

प्रश्न : मी हैदराबादला नोकरी करतो आणि शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरतो. स्टेजसाठी लावतात तो टॅन घातक असतो का? तो नीट कसा लावायचा आणि टिकवायचा?

उत्तर : हा टॅन दिव्यांचा नाही, लेपाचा आहे, त्यामुळे अतिनील किरणांचा प्रश्न येत नाही. स्टेजवरच्या प्रखर दिव्यांत स्नायूंमधल्या रेषा पुसट दिसतात, म्हणून रंग गडद करतात. यातला मुख्य घटक डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजेच डीएचए. ही एक प्रकारची साखर. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी जुळते आणि तपकिरी रंग येतो. पाव भाजताना जो तांबूस रंग येतो त्यामागे याच जातीची रासायनिक क्रिया असते.

याचा शोध अपघातानं लागला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात एव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका काही आजारी मुलांना डीएचए पाजत होत्या. मुलांच्या अंगावर ते सांडलं तिथं त्वचेवर तपकिरी डाग पडले, कपड्यांवर मात्र नाही. त्यातूनच आजचे स्प्रे टॅन आणि क्रीम आले.

लावण्याची पद्धत अशी. दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ॲलर्जी येत नाही ना ते पाहा. केस काढायचे असतील तर किमान एक दिवस आधी काढा. लावण्याआधी अंग हलकं घासून आंघोळ करा आणि पूर्ण कोरडं करा. डिओ, तेल, अत्तर काही नको. कोपर, गुडघे, घोटे इथली त्वचा जाड आणि कोरडी असते, तिथं रंग जास्त बसतो, म्हणून आधी तिथं थोडं मॉइश्चरायझर चोळा. लावून झालं की तळहात साबणानं लगेच धुवा, नाहीतर ते केशरी होतात. नंतर सहा ते आठ तास पाणी आणि घाम टाळा, सैल आणि गडद कपडे घाला. रंग काही तासांत दिसायला लागतो आणि दिवसभरात पूर्ण चढतो.

टिकण्याचं म्हणाल तर पाच ते सात दिवस, कारण वरचा थर झडतो तसा रंगही जातो. रोज मॉइश्चरायझर लावणं, कोमट पाण्यानं आंघोळ करणं आणि टॉवेलनं न घासता टिपून घेणं यानं एखाद-दोन दिवस जास्त मिळतात. जोरात स्क्रब, फार गरम पाणी आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन यानं तो लवकर आणि चट्ट्याचट्ट्यानं उतरतो.

स्प्रे घेत असाल तर डोळ्यांवर संरक्षण, नाकात फिल्टर आणि ओठांवर लेप हवाच. डीएचए बाहेरून लावायला मान्य आहे, पण श्वासातून आत जाणं, ओठांवर किंवा डोळ्यांजवळ जाणं यासाठी नाही. आणि हा रंग उन्हापासून वाचवत नाही. टॅन लावून उन्हात गेलात तरी सनस्क्रीन लागणारच.

प्रश्न : इंटरनेटवर टॅनिंगच्या गोळ्या, इंजेक्शनं आणि नाकात मारायचे स्प्रे दिसतात. ते कसे?

उत्तर : त्यांच्या वाटेला जाऊ नका. गोळ्यांत बहुधा कॅन्थॅक्झॅन्थिन हा खाद्यरंग मोठ्या प्रमाणात असतो. तो त्वचेत साठतो, तसाच डोळ्याच्या पडद्यावर त्याचे बारीक स्फटिक जमतात. यकृतालाही त्रास होऊ शकतो. इंजेक्शनं आणि नाकातले स्प्रे मेलॅनोटन नावानं विकले जातात. ते कुठल्याही डॉक्टरी देखरेखीशिवाय येतात, बाटलीत नेमकं काय आणि किती आहे याची खात्री नसते. मळमळ, उलट्या होतात आणि अंगावरचे तीळ अचानक गडद होऊ शकतात. तीळ बदलणं हीच मेलॅनोमाची खूण असल्यानं मग डॉक्टरांनाही फरक करणं अवघड जातं.

प्रश्न : माझ्या हातावर कोडाचे पांढरे डाग आहेत. डॉक्टरांनी फोटोथेरपी सांगितली आहे. तीही अतिनील किरणंच ना? मग टॅनिंगसारखीच नाही का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण दोन्हींत मोठा फरक आहे. कोड आणि सोरायसिससाठी त्वचारोगतज्ज्ञ साधारण ३११ नॅनोमीटरची, अगदी ठरावीक पट्ट्यातली यूव्हीबी किरणं वापरतात. आठवड्यातून दोन-तीनदा, अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात, प्रत्येक वेळची नोंद आणि त्वचा लाल झाली तर मात्रा कमी. इथं आजार आहे, फायदा ठरलेला आहे आणि हिशोब ठेवणारा माणूस समोर आहे. टॅनिंग बेडमध्ये यातलं काहीच नसतं. म्हणून उपचार मध्येच सोडू नका. परिणाम दिसायला काही महिने लागतात, त्यामुळे धीर धरा.

मात्र घरगुती प्रयोग नकोत. आपल्याकडे कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायची पद्धत जुनी आहे. बावचीत सोरॅलेन हा घटक असतो, आधुनिक वैद्यकातही प्रकाशोपचारासाठी तो वापरला जातो. पण तो त्वचेला उन्हाबाबत इतका हळवा करतो की अंदाज चुकला तर मोठाले फोड येतात. वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. कोड संसर्गजन्य नाही, हेही घरात सर्वांना सांगून ठेवा.

प्रश्न : दोन महिन्यांवर लग्न आलंय. हात आणि मान रापलीय. लिंबू-साखर चोळली तर टॅन जाईल का? की क्रीम घेऊ?

उत्तर : लिंबू नकोच. लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांनी त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे राहणारा काळा डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही जात नाही. रंग उजळायला गेलात आणि ऐन लग्नात हातावर ओघळांचे डाग, असं व्हायला नको.

मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली 'गोरेपणाची' क्रीमही घेऊ नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवली की आग होते. हा त्रास आपल्या देशात इतका वाढला की २०१८ मध्ये सरकारनं अनेक स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला.

खरं तर तुमच्याकडे दोन महिने आहेत, हेच सर्वांत मोठं औषध. त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो. पुढचं ऊन थांबवलं तर बराचसा रंग आपोआप उतरतो. रोज सनस्क्रीन, स्कूटरवर पूर्ण बाह्या आणि स्कार्फ, रात्री साधं मॉइश्चरायझर. बेसन-हळद-दुधाचं उटणं आवडत असेल तर आठवड्यातून एकदा हलक्या हातानं लावा, पण त्यानं त्वचा मऊ होते, मूळ रंग बदलत नाही. पार्लरमध्ये डी-टॅन करायचं असेल तर त्यात ब्लीच आहे का ते विचारा आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पहिला प्रयोग करू नका.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची, पोहण्यात चांगली आहे. आम्ही बडोद्याला राहतो, तलाव उघड्यावर आहे. ती खूप काळवंडलीय. सासूबाई म्हणतात, पोहणं बंद करा, पुढे लग्नाला अडचण येईल. काय करू?

उत्तर : पोहणं बंद करू नका. मुलीच्या त्वचेची काळजी घ्यायची ती भाजू नये म्हणून, गोरी राहावी म्हणून नाही. शक्य असेल तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरची बॅच घ्या. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट मिळतो, तो घाला. पाण्यात टिकणारं एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन चेहरा, कान, मान आणि पायांना लावा आणि बाहेर आल्यावर पुन्हा लावा. पोहून झालं की साध्या पाण्यानं आंघोळ आणि मॉइश्चरायझर. एवढं केल्यावर उरलेला रंग हा तिच्या सरावाचा आहे, तो सुट्टीत उतरेल.

सासूबाईंशी भांडण्यापेक्षा त्यांना एकदा तिची शर्यत पाहायला घेऊन जा. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांनी त्यांच्या काळात जे पाहिलं त्यातून ती आलेली आहे. पण त्या बोलत असताना मुलगी ऐकत असते, हे त्यांना एकटं गाठून जरूर सांगा. बारा वर्षांच्या मुलीनं आरशात स्वतःला कसं पाहावं हे तिच्या घरातली माणसं ठरवत असतात. पैसे देऊन सावळ्या होणाऱ्या तिकडच्या मुलींनाही कुणीतरी सांगितलेलं असतं, तू आहेस तशी पुरेशी चांगली दिसत नाहीस.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तिळाच्या दोन बाजू सारख्या नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसत असतील, तो पेन्सिलीमागच्या रबरापेक्षा मोठा असेल किंवा बदलत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. महिनाभर न भरणारी, अधूनमधून रक्त येणारी जखमही दाखवा. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर उन्हाबाबत जास्त सांभाळा, कारण या औषधांनी त्वचा लवकर भाजते. आणि परदेशी असलेल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर जेवलास का विचारताना, जमलं तर टॅनिंग बेडबद्दलही एकदा बोलून घ्या.